लिनक्सच्या यादीत एक रकाना हवा

महोदय,

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुना संगणक भंगारात न देता त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घाला, हा आपल्या पुरवणीतला सल्ला पटला. मी कराडात लग्नपत्रिका छापते. दुकानातल्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती आहे आणि उत्तम चालते. तक्रार आहे ती लेखासोबतच्या 'उपयुक्त प्रोग्राम'च्या यादीबद्दल.

त्यातलं ऑक्युलर हे पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअर मी प्रुफं तपासायला घेतलं. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, सोबत उतरणाऱ्या भागांची पडदाभर नावं आली, बहुतेक 'लिबक्यूटी' नाहीतर 'लिबकेएफ'ने सुरू होणारी. न वाचताच 'हो'साठी वाय दाबलं. एका पाहुण्याला बोलावलं आणि अख्खं वऱ्हाड आलं!

कारण नंतर कळलं. आमच्या जुन्या छापखान्यात अक्षरं जुळवणारा कंपोझिटर काही खिळे (धातूची अक्षरं) ओतत बसायचा नाही, केसमधून, म्हणजे त्यांच्या खणांच्या पेटीतून, उचलायचा. तसंच बटणं, मेनू, फाइल उघडायची चौकट हे सगळं प्रोग्राम लिहिणारे तयार संचातून उचलतात. त्याला टूलकिट म्हणतात. लिनक्सवर मुख्य संच दोन: जीटीके आणि क्यूटी. जीटीकेतला 'जी' म्हणजे गिंप. ते चित्रांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या बर्कलीच्या विद्यार्थ्यांना मोटिफ हा तेव्हाचा विकतचा संच पसंत पडेना, म्हणून त्यांनी स्वतःचा केला. एक्सएफसीई, ग्नोम हे डेस्कटॉप जीटीकेवर उभे आहेत. केडीई आणि एलएक्सक्यूटी क्यूटीवर. ऑक्युलर केडीईच्या घरचं, त्यामुळे माझ्याकडे नसलेली सगळी केस घेऊन आलं. वर त्याची फाइल उघडायची चौकटही बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते. एका पत्रिकेत दोन फाउंड्रींचे (खिळे ओतणाऱ्या कारखान्यांचे) खिळे मिसळले की डोळ्याला खुपतं ना, तसं.

आणि मिंटमध्ये पीडीएफ वाचायला एक्सरीडर आधीपासून होतंच! तेही जीटीकेचं.

क्यूटी वाईट असं मुळीच नाही. पानं लावायचं स्क्रायबस क्यूटीवरच चालतं आणि त्यासाठी ते वजन मी आनंदाने सोसते. ज्यांच्याकडे केडीई आहे त्यांना ऑक्युलर हलकंच पडेल. पण चार जीबीवाल्याला हे आधी कळायला हवं. पुढच्या वेळी यादीत प्रत्येक नावापुढे 'जीटीके' की 'क्यूटी' एवढा एक रकाना छापावा. जागा कमी पडली तर अक्षरं अर्ध्या पॉइंटने उतरवा, वाचता येतं.

— एक पत्रिकावाली, कराड