पाच तास पुरतात म्हणणाऱ्या लेकीस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू माझ्यावर ओरडलीस आणि लगेच रडायला लागलीस. कारण काय, तर "जेवलीस का" असं मी दुसऱ्यांदा विचारलं. त्याचं मला काही वाटलं नाही गं. पण नंतर तू म्हणालीस, "आई, मला आता पाच तास झोप पुरते, सवय झालीये," ते मात्र डोक्यातून जात नाही. परीक्षा तोंडावर आहे, तेव्हा अभ्यास कमी कर असं मी सांगणार नाही. मला बोलायचंय ते या "सवय झालीये"बद्दल.

हे वाक्य कित्येक वर्षं माझ्याच तोंडी होतं. नाइट ड्यूटी करणाऱ्या बहुतेक सिस्टर्सच्या तोंडी असतं. तू दोन वर्षांची असताना मला एकदा सलग सहा नाइट लागल्या होत्या, आणि दिवसा तू झोपू द्यायची नाहीस (तक्रार नाही, वयच तसं होतं). पाचव्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास, मी सात नंबरच्या पेशंटचं इंजेक्शन भरलं, ट्रे उचलला आणि सतरा नंबरच्या कॉटपाशी जाऊन उभी राहिले. सोबतच्या सिस्टरने केसपेपरवरचं नाव मोठ्याने वाचलं म्हणून निभावलं. ते आठवून आजही घाम फुटतो. चूक तर झालीच होती, पण त्या क्षणी मला कुणी "झोप आलीये का" विचारलं असतं, तर मी शपथेवर "नाही" म्हणाले असते. खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं.

असं का होतं, हे खूप नंतर वाचनात आलं. २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून सलग १४ दिवस कुणाला रात्री आठ तास झोपू दिलं, कुणाला सहा, कुणाला चारच. जागेपणी अधूनमधून एक अगदी साधं काम द्यायचे: खूण दिसली की बटण दाबायचं. सहा तासवाले दिवसागणिक घसरत गेले. चार तासवाले तर अखेरीस दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसांइतके चुकत होते. आणि गंमत बघ, "किती झोप येतेय" या प्रश्नाचं उत्तर मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदललंच नाही. काम बिघडतच होतं आणि माणसाला वाटत होतं, बसली आपली घडी. तुझी "सवय" ती हीच.

रँडी गार्डनरचं नाव तू ऐकलं असशील. १९६३च्या डिसेंबरअखेरीपासून सॅन दिएगोमधला हा १७ वर्षांचा शाळकरी मुलगा विज्ञान प्रदर्शनासाठी म्हणून सलग २६४ तास जागा राहिला. लोक त्याची गोष्ट पराक्रम म्हणून सांगतात. मला त्यातला अकरावा दिवस आठवतो. १०० मधून सात-सात वजा करत जा, असं त्याला सांगितलं होतं. ९३, ८६, ७९, ७२, ६५, आणि तो थांबला. का थांबलास विचारलं, तर आपण काय करत होतो हेच तो विसरला होता. गणित येत होतं त्याला, धागाच सुटला. तू म्हणालीस ना, एकच परिच्छेद चारदा वाचते आणि तरी काही आठवत नाही? धागा तिथेही सुटतोच. कधी कधी डोळे उघडे असतानाच मेंदू काही सेकंद डुलकी काढतो, आणि तेवढी ओळ वाचूनही वाचलेली नसते.

मग तू कॉफी पितेस. आपण जागे असतो तसतसं मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढवतं. कॅफीन फक्त त्याच्या जागा अडवून बसतं. साठलेलं जिथल्या तिथे राहतं. शिवाय रात्री नऊच्या कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफीन दोन वाजताही अंगात असतं, म्हणजे जी थोडी झोप मिळायची तीही कच्ची.

अभ्यासाचंच म्हणशील तर, १९२४ सालीच एका प्रयोगात दिसलं होतं की पाठ केल्यावर झोपलेल्यांना ते जागं राहिलेल्यांपेक्षा जास्त आठवतं. दिवसभर वाचलेलं पक्कं बसवायचं काम मेंदू झोपेत करतो.

आणि ते रडणं. मेंदूत भीती आणि राग यांची घंटा वाजवणारा अमिग्डाला नावाचा छोटासा भाग असतो. २००७ सालच्या एका अभ्यासात, रात्रभर जागवलेल्या लोकांना वाईट चित्रं दाखवल्यावर तो सुमारे ६० टक्के जास्त उसळला, आणि त्याला आवरणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचं सूत सैल झालेलं दिसलं. म्हणून परवाचं मी मनावर घेतलं नाही. तूही घेऊ नकोस.

त्या सतरा नंबरनंतर मी एक केलं: "मी ठीक आहे का" हे स्वतःला विचारणंच बंद केलं. ड्यूटीच्या डायरीत झोपलेले तास लिहायला लागले, आणि आकडा कमी दिसला की प्रत्येक औषध दुसऱ्या सिस्टरकडून वाचून घ्यायचे, तिला कंटाळा आला तरी. काही जणी हसायच्या. तू निदान आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर तास लिही. मला दाखवू नकोस हवं तर.

रविवारी फोन करीन. तेव्हा १०० मधून सात-सात वजा करून दाखव. गणित तुला जमेल, ती शंका नाही. "काय हा पोरकटपणा" म्हणून चिडतेस की हसतेस, तेवढं मला ऐकायचंय.

तुझी,
आई