सूचना : ऑर्डर, तक्रारी आणि निरोप आता एकाच ठिकाणी

सर्व सभासदांस नमस्कार,

येत्या सोमवारपासून कामाचे निरोप फक्त मायक्रोसॉफ्ट टीम्स या निरोप आणि कॉलच्या अ‍ॅपवर घेतले जातील. ५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झाल्यापासून आपले काम विखुरले आहे : कोटेशन ईमेलवर, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि दर ठरला तो फोनवर, म्हणजे कुठेच नाही. मागच्या महिन्यात एकाच ऑर्डरचा माल दोनदा निघाला, तो यामुळेच. चूक कोणाची, हे उकरण्यात अर्थ नाही.

प्रत्येक ग्राहकासाठी टीम्सवर वेगळे चॅनेल, म्हणजे त्याच्यापुरती बोलण्याची जागा, उघडले आहे. त्या ग्राहकाचे बिल, नकाशा, बोलणे सगळे तिथेच टाकावे. फोनवर काही ठरले तर दोन ओळी लगेच लिहून ठेवाव्यात. एवढे एक पाळले तरी अर्धा गोंधळ मिटेल. जुने स्काइप खाते असलेल्यांनी त्याच लॉगिनने टीम्स उघडावे. पासवर्ड मात्र कोणत्याही चॅनेलवर टाकू नये. हिशेबाचे सॉफ्टवेअर सध्या वेगळेच राहील, ते जोडण्याची घाई नको.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालू राहील, पण वाढदिवस आणि सुप्रभातपुरता. शनिवारी संध्याकाळी ५ वाजता कार्यालयात प्रात्यक्षिक आहे. मोबाइल चार्ज करून आणावा.

– चिटणीस