शिडीवर असलेल्या माणसाला फोन करू नका

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळ्यात आपण पुणेकर ठोसेघरचा धबधबा बघायला जातो आणि तसंच पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांसमोर फोटो काढतो, मीपण काढलेत. पण त्या खांबाला आतून शिडी असते आणि त्यावर कोणीतरी पोरगा चढत असतो, हे मला ही नोकरी लागेपर्यंत माहीतच नव्हतं.

मी पुण्यात एका पवनऊर्जा कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसते. समोर स्क्रीनवर सगळ्या मशीन दिसतात, एखादी बंद पडली की लाल होते आणि मग माझं काम एकच, साईटवरच्या टेक्निशियनला फोन करून विचारायचं की मशीन कधी चालू होईल. आपल्याकडे वारा खरा जून ते ऑगस्टमध्ये, वर्षाची बरीचशी वीज तेव्हाच होते, त्यामुळे बंद मशीनचा प्रत्येक तास वरच्यांना टोचतो, ते मला विचारतात, मी त्याला विचारते. आणि नेमकं तेव्हाच तिकडे धुकं, पाऊस, ओले हातमोजे, बुटाला चिखल. 80 मीटर शिडी म्हणजे पंचवीस मजले हातापायानं चढायचे, अंगावर हार्नेस म्हणजे पडू नये म्हणून बांधायचे पट्टे, कंबरेला हत्यारं, आणि दिवसातली ती तिसरी मशीन असली तर मांड्या थरथरत असतात.

मागच्या पावसाळ्यात मी एकाला पंधरा मिनिटांत तीनदा फोन केला. नंतर महिनाभरानी तो ऑफिसला आला होता तेव्हा खाली चहाच्या टपरीवर म्हणाला, मॅडम त्या दिवशी वाचलो बरं का. शिडी संपते तिथे शिडीच्या तारेवरचा फॉल अरेस्टर, म्हणजे पाय घसरला तर माणसाला धरून ठेवणारी कडी, काढायचा असतो, पण त्याआधी लॅनयार्डचा, म्हणजे हार्नेसच्या दोरीचा, हुक वरच्या पॉइंटला अडकवायचा, म्हणजे माणूस एक क्षणही मोकळा राहत नाही. त्यानी घाईत आधी अरेस्टर काढला, हुक हातात घेतला आणि माझा फोन वाजला. फोन घेतला, "दहा मिनिटांत करतो मॅडम" म्हणाला, फोन खिशात टाकला आणि तसाच कामाला लागला, कारण डोक्यानी धरलं होतं की हुक लावून झालाय. मागे शिडीच्या तोंडावरचं झाकण उघडं, खाली 80 मीटर. पाय सरकला तेव्हा कळलं. नशिबानी हाताला रेलिंग लागलं.

तो पडला असता तर रिपोर्टमध्ये काय आलं असतं? मानवी चूक, हुक लावला नाही. माझ्या फोनचा त्यात उल्लेखही नसता. मी विचारलं निअर मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, फॉर्म का नाही भरला, तर म्हणाला मागे एकानी भरला होता, त्यालाच वॉर्निंग लेटर मिळालं. मग कोण भरणार सांगा, आणि फॉर्म आले नाहीत की वरती सगळ्यांना वाटतं साईट सेफ आहे.

हाताशी असलेलं काम मध्येच तुटलं की पुढची पायरी विसरते, कितीही हुशार माणूस असला तरी. विमानवाल्यांना हे कधीच कळलंय. अमेरिकेत 1981 पासून नियम आहे की विमान 10,000 फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये कामाशिवाय बोलायचं नाही. आपल्याकडे शिडीवरच्या माणसासाठी एवढंही का होऊ शकत नाही?

आणि वर काही झालं तर मदत लांबच असते. हार्नेसला माणूस निपचित लटकला की रक्त पायात साचतं आणि थोड्याच वेळात जिवावर बेततं, 108 ची गाडी तालुक्यावरून घाट चढून येईपर्यंत थांबताच येत नाही, सोबतच्या जोडीदारानीच त्याला उतरवावं लागतं. ट्रेनिंगमध्ये हे शिकवतात, पण दोन वर्षांतून एकदा केलेला सराव दमलेल्या हाताला किती आठवेल याची मला खरंच भीती वाटते. 2013 मध्ये नेदरलँड्समध्ये दोन पोरं, एक 19 चा आणि एक 21 चा, आग लागलेल्या पवनचक्कीवर अडकून मेली. माझ्या साईटवरची पोरं त्याच वयाची आहेत.

मी माझ्या शिफ्टला आता एक केलंय. चढायच्या आधी त्यानी मेसेज टाकायचा, मग तो स्वतः फोन करेपर्यंत मी करत नाही, फारच गरज पडली तर खाली गाडीजवळच्या ड्रायव्हरला विचारते. साहेबांनी दोनदा झापलंय. पण हे माझ्या एकटीच्या शिफ्टवर चालून उपयोग नाही, प्रत्येक कंपनीनी लेखी नियम करावा आणि निअर मिस सांगणाऱ्याला पत्र देणं बंद करावं.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. पवनचक्कीवरून कामगार पडल्याची बातमी दोन ओळींत येते, "तोल जाऊन". पुढच्या वेळी तुमच्या बातमीदारानी एवढं तरी विचारावं की त्या दिवशी ती त्याची कितवी मशीन होती, ड्युटी किती तासांची झाली होती, आणि त्याला शेवटचा फोन कोणाचा आला होता.

– एक वाचक, वारजे, पुणे