अप्पा अजून अप्पाच आहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. त्यानिमित्ताने एक गोष्ट लिहावीशी वाटली. माझे वडील, अप्पा, आयुष्यभर चादरीच्या मागावर होते. गेली चार वर्षं त्यांना स्मृतिभ्रंश आहे. मला ते काकांच्या नावाने हाक मारतात. भेटायला आलेले लोक निघताना, चपला घालता घालता म्हणतात, "आता ते पूर्वीचे राहिले नाहीत हो." तेही अप्पांच्या देखत. हे ऐकून जीव तुटतो, आणि मला ते पटतही नाही.

माणसाला जिथवर आठवतं तिथवरच तो 'तोच माणूस', असं इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९४ मध्ये मांडलं. १७८५ मध्ये स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ थॉमस रीड याने त्यातली अडचण दाखवली. म्हाताऱ्या सेनापतीला तरुणपणी जिंकलेलं निशाण आठवतं. निशाण जिंकताना त्याला लहानपणी खाल्लेला मार आठवत होता. आता तो मार आठवत नाही. मग मार खाणारा पोरगा कुठला कोण?

सूत हाताळणाऱ्याला याचं उत्तर हातातच सापडेल. कापसाचा तंतू जेमतेम इंच-सव्वा इंच. एकही तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. एक संपण्याआधी दुसरा त्यात पिळला जातो, म्हणून सूत अखंड राहतं.

शिवाय आठवण काही एकाच जागी नसते. १९५३ च्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनच्या नवं काही लक्षात राहीना. तरी आरशात बघून चांदणी गिरवण्यात त्याचा हात रोज सुधारत गेला. त्याला मात्र दरवेळी वाटे, हे आपण पहिल्यांदाच करतोय.

गेल्या महिन्यात अप्पांच्या हातात मी तुटलेलं सूत दिलं. त्यांनी बोट ओलं केलं, दोन टोकं एकमेकांवर आडवी धरली, अंगठ्याखालून फास फिरवला, गाठ ओढली, उरलेलं टोक नखाने तोडलं. मग गाठ ताणून पाहिली आणि तेलुगूत म्हणाले, "बारीक पाहिजे, नाहीतर फणीत अडकते." मी बारा वर्षांचा असताना मागाजवळ उभं करून त्यांनी मला हेच सांगितलं होतं, याच आवाजात.

अशा घरी जाणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. जे बोलायचं ते त्या माणसाशीच बोला. आपलं नाव सांगा. विसरले तर पुन्हा सांगा.

– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर