बाबा, गोळ्यांचं मीच लिहिलं होतं

ती. बाबा आणि आई,

शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पेढीच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलेलं टपाल आधी कोण उघडतं ते मला माहीत आहे. पुण्यात मठाच्या खोलीवर राहत होते तेव्हा दुसऱ्यांच्या घरची पत्रं मीही उघडलेली आहेत. बाबा, दुपारी मार्केट यार्डात सामसूम असते तेव्हा एकदा वाचा. मग संध्याकाळी आईला हरिपूरला संगमेश्वराकडे घेऊन जा आणि घाटावर बसून तिला वाचून दाखवा. तिचा चष्मा बदलायला झाला असणार, आणि ती सांगायची नाही.

आई, मागच्या मंगळवारी तू शेजारच्या काकूंच्या फोनवरून चार मिनिटं बोललीस. भाजी कुठली केली, जावई किती वाजता घरी येतात, गॅस नीट बंद करतेस ना, एवढंच. इतक्या वर्षांनी एवढंच, पण मी ते चार दिवस पुरवून पुरवून आठवत होते. फोन ठेवताना मात्र तू म्हणालीस, "हे वहीत लिहावं लागेल गं, नाहीतर मला झोप लागायची नाही." त्या रात्री झोप मला लागली नाही. हे पत्र त्या वहीपायी आहे.

दोनशे पानी, लाल कडेची. डाव्या पानावर जपाचे आकडे आणि उजव्या पानावर चुका. आधी स्वतःच्या, मग "घरातल्यांच्या लक्षात आलेल्या". गुरुवारी वह्या मठात गोळा व्हायच्या. माझं अक्षर चांगलं म्हणून अख्ख्या पेठेच्या वह्यांतलं महत्त्वाचं तेवढं उतरवून काढायचं काम मला मिळालं होतं. बारावीतल्या पोरीला केवढा मान तो! कुणाची सून देवघरात न येता जेवते, कुणाचा मुलगा मित्राच्या घरी बिर्याणी खाऊन आला, कोण भावाच्या लग्नात मठाची परवानगी न घेता गेलं, सगळं मला ठाऊक असायचं. शेजारच्या काकू मला बघून गप्प व्हायच्या. मला वाटायचं, आदराने गप्प होतात.

आता जे लिहिण्यासाठी बसलेय ते.

2008 च्या पावसाळ्यात कपडे भिजवताना बाबांच्या नेहरू शर्टाच्या खिशात मला गोळ्यांची पट्टी सापडली. मागच्या बाजूचं नाव वाचलं, कॉलेजजवळच्या औषधवाल्याला विचारलं. रक्तदाबाच्या होत्या. पट्टी होती तशी ठेवली आणि रात्री वहीत लिहिलं, "बाबा रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. घरात सांगितलेलं नाही." दोन ओळी. शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात.

पुढच्या गुरुवारी महाराजांनी तुम्हाला पुढे बोलावलं. टोपी हातात घेऊन तुम्ही उभे होतात. "दिवाणजी, भरवसा कुणावर? आमच्यावर का गोळीवर?" असं त्यांनी विचारलं आणि लोक हसले. तुम्ही खिशातून पट्टी काढून पादुकांपुढे ठेवलीत. मी बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत होते. त्या वेळी मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला हलकं वाटलं. घरातला एक दोष निघाला म्हणून मी मनातल्या मनात नमस्कार केला. घरी येताना पाऊस होता. छत्री तुम्ही सगळी माझ्यावर धरली होती, तुमचा डावा खांदा भिजत होता.

त्यानंतर वर्षभर तुम्ही कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे स्वतः उलटे करून बघायचात. आई समोर असली की जास्तच. तुम्हाला आईचा संशय होता, ते मला दिसत होतं आणि मी गप्प राहिले. आईने लिहिलं नव्हतं, बाबा. तिला गोळ्यांचा पत्ताही नव्हता.

2011 ला तुमची उजवी बाजू गेली. ज्या हाताची रोजकीर्द आणि खतावणी बघायला दुसऱ्या पेढ्यांवरचे दिवाणजी यायचे, त्या हाताला चमचा धरता येईना. मठातून निरोप आला, "जिवावरचं होतं, हातावर निभावलं," आणि आपण पेढे वाटले. पेढ्यांचा पुडा मीच धरला होता. गोळ्या चालू असत्या तर काय झालं असतं हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनीही वाढलेला रक्तदाब आणि अर्धांगवायू यांचा संबंध मला शांतपणे समजावून सांगितला, आणि शेवटी दोघेही दुसरीकडे बघायला लागले.

आपण मठात का गेलो ते मी विसरलेले नाही. 2005 ला कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं आणि हळद साठवायची जमिनीखालची पेवं बुडाली, त्यात आपली बावीस पोती हळद होती. ती दुसऱ्याच्या पैशाने घेतलेली होती हे मला फार उशिरा कळलं. महिनाभर तुम्ही रात्री ओट्यावर बसून असायचात. यार्डातलं कुणी चहालाही बोलवेना. तेव्हा मठाच्या माणसांनी येऊन घरात धान्य भरलं, माझी फी भरली आणि आईला बसून रडू दिलं. हे त्यांनी केलं होतं. मी ते कधीच नाकारणार नाही. म्हणून तर पुढे दहावा हिस्सा देताना कुणाचा हात आखडला नाही. तिजोरीत एका पैशाची तफावत आली तर रात्री बारापर्यंत बेरीज धरून बसणाऱ्या माणसाने चौदा वर्षांत एकदाही पावती मागितली नाही. धाकट्या मावशीने मागितली. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, हिशेब तपासून घेता का, एवढंच तिने विचारलं होतं. त्या दिवसापासून मिरजेची मावशी आपल्याला परकी झाली. मिरज केवढ्या लांब आहे हो?

मी आठ-नऊ वर्षांची असताना तुम्ही मला पेव दाखवायला नेलं होतं, आठवतं? तोंड अरुंद, पोट एवढं मोठं. मी लगेच वाकून बघायला गेले तर तुम्ही माझी वेणी धरून मागे ओढलंत. म्हणालात, आत वारा नसतो, पेव उघडलं की बराच वेळ तसंच ठेवायचं, मग कंदील सोडायचा, ज्योत नीट राहिली तरच माणूस उतरवायचा. कितीही जुना, कितीही अनुभवी हमाल असला तरी कंदील आधी. तुमचं ते बोलणं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, मधली काही वर्षं सोडून.

ती वर्षं कशी होती त्याचं एक सांगते. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी डॉ. दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. माझी कामावर जायची वाट त्याच पुलावरून होती. संध्याकाळी खोलीवर कुणीतरी म्हणालं, "कर्माचं फळ," आणि मी मान डोलावली. अंधश्रद्धाविरोधी कायदा आला की भजन-कीर्तन बंद करतील, वारी बंद करतील, असं आम्हाला सांगितलं होतं. पुढे मठ सुटल्यावर मी तो कायदा स्वतः वाचला. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असं त्यात सरळ लिहिलेलं आहे. शाळेतल्या पोरालाही कळेल अशी भाषा आहे. सहा वर्षं आम्ही कुणीच ते पान उघडलं नव्हतं.

मग 2019 च्या ऑगस्टचा महापूर. मठातून मोबाईलवर निरोप आला, उंबऱ्यावर विभूतीची रेघ ओढा, रेघ ओढलेल्यांनी घर सोडू नये. गावभागातली निम्मी माणसं निघून गेली आणि तुम्ही दोघं थांबलात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. तुमचे फोन बंद. पुण्यातून यायचे रस्ते बंद. 8 तारखेला ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटल्याची बातमी आली. त्या रात्री मी जपाची माळ हातात घेतली, आणि जप न करता नुसते मणी मोजत बसले. दुसऱ्या दिवशी तुम्हाला शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावरून बोटीत उतरवलं.

पाणी ओसरल्यावर मी आले तेव्हा घरात मांडीएवढा चिखल होता. फ्रीज आडवा पडलेला, गाद्या फुगलेल्या, आणि आई, तू त्या चिखलात हात घालून वही शोधत होतीस. "जप मोजलेला आहे गं सगळा," म्हणत होतीस.

त्या गुरुवारी मठात सगळे जमलो. मठ उंचावर, फरशी कोरडी, उदबत्तीचा वास. महाराज म्हणाले, "रेघ बरोबर होती. ओढणाऱ्याचा हात थरथरला." आणि त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. बाबा, तुम्ही उजवा हात उपरण्याखाली घेतलात. तो हात का थरथरतो हे त्या अख्ख्या सभागृहात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी उभी राहिले. ठरवून नाही, पाय आपोआप उठले. विचारलं, "मग ज्यांचे हात धड होते त्यांच्या घरात पाणी कसं आलं?"

पुढचं तुम्हाला माहीत आहे. क्षमापत्र मागितलं, मी दिलं नाही. आठवड्यात खोली सोडावी लागली. दहा वर्षं एका ताटात जेवलेल्या मुलींनी फोन उचलले नाहीत. आणि तुम्हाला सांगण्यात आलं की गुरुद्रोही लेकीशी बोलणं म्हणजे तो द्रोह घरात घेणं.

बाहेर पडून मी लगेच मोकळी झाले असं समजू नका. वर्षभर बसने करकचून ब्रेक मारला तरी वाटायचं, लागला शाप. ताप आला की वाटायचं, सुरू झालं. एका रात्री तर क्षमापत्राचा मसुदा लिहून काढला, मायना सुवाच्य, आणि सकाळी त्याच कागदावर वाण्याची यादी केली. देव सुटला का, असं आईने काकूंकडून विचारायला लावलं होतं. नाही गं. घरात विठोबा आहे, आषाढीला साबुदाणा भिजतो. मोजत मात्र काहीच नाही.

2022 ला आमचं नोंदणी लग्न झालं. साक्षीदार म्हणून मावशी उभी राहिली. दुपारी सांगलीच्या एका नंबरावरून फोन आला, पलीकडे कुणी बोललं नाही, फक्त मागून हमालांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मी दोनदा "बाबा" म्हणाले. ते तुम्हीच होतात हे मी धरून चालले आहे.

एका वकील मैत्रिणीने सांगितलं, सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्यात 2016 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, आपलं प्रकरण त्यात बसतं का बघू. मी नको म्हटलं. तक्रारीत पहिला प्रश्न येणार, तुमच्याशी बोलणं कुणी बंद केलं? त्या रकान्यात मी कुणाची नावं लिहू? तुमच्याबद्दल एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.

आई, मठ सोड असं मी म्हणत नाही. तुझ्या सगळ्या मैत्रिणी तिथे आहेत, या वयात तुला कुठे जा म्हणू? माझ्याशी बोललीस हे वहीत लिहायचं की नाही तेही तूच ठरव. फक्त बाबांचं काही लिहू नकोस.

बाबा, गोळ्यांचं मला माफ करा असं म्हणायला तोंड नाही, पण म्हणते. आणि आईला एकदा तुमच्या तोंडाने सांगा की ती नव्हती.

मिरजेत एका डॉक्टरांची शुक्रवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे, तुमच्या नावाने. पत्ता मावशीला माहीत आहे, पेढीवर निरोप देईल ती. मी आदल्या रात्रीच्या गाडीने येतेय. जुने कागद असतील तर आणा, नसतील तर नुसते या. मी बाहेरच्या बाकावर असेन. अकराला जमलं नाही तरी चालेल, एकपर्यंत मी तिथेच आहे.

तुमची,
लेक

ता. क. आई, तूही येणार असशील तर भडंग आण. लसूण जास्त घाल. इथे पुडीत मिळतं ते नुसतं तिखट असतं.