उचलण्याआधी ठेवायची जागा बघ

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "लोक विचारतात, लेक काय करते, तेव्हा मी 'चित्रकार आहे' एवढंच सांगते. पुढचं मला धड सांगता येत नाही." तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय. फोनवर सांगायला गेलं की निम्मं राहून जातं, म्हणून आज लिहायलाच बसले.

मी म्युझियममध्ये टेक्निशियन आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. चित्रं लावायची, उतरवायची, पॅक करायची, शिल्पांसाठी पेडेस्टल, म्हणजे ती ज्यावर उभी राहतात ते चौथरे, बांधायचे, दिवे लावायचे. यंदापासून आठवड्यातले दोन दिवस मी कला महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना हेच काम शिकवते. बारा जण आहेत. चांगली चित्रं काढतात, पण स्टुडिओतून बाहेर पडल्यावर चित्राचं काय होतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. मलाही त्या वयात कुणी सांगितलं नव्हतं, आणि ही आपल्या कलाशिक्षणातली मोठी चूक आहे असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना काहीही उचलू दिलं नाही. फक्त रिकाम्या हातांनी चालायला लावलं. इथून उचलायचं, तिथे ठेवायचं, मधे दार किती रुंद, उंबरा आहे का, दार कोण धरणार, आणि जिथे ठेवायचं तिथे फोमचे ठोकळे आधी मांडलेत का. आमच्यात पहिला नियम हाच: उचलण्याआधी ठेवायची जागा बघ. घड्याळ, अंगठ्या, गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवायचं. पट्ट्याच्या बकलानेसुद्धा ओरखडा पडतो. फ्रेम वरून धरायची नाही, मागच्या तारेला हात लावायचा नाही. एक हात खाली, एक बाजूला. धातूच्या वस्तूला नायट्राइलचे, म्हणजे रबरासारखे पातळ, हातमोजे घालूनच हात लावायचा, कारण घामातल्या क्षारांनी बोटांचे ठसे कायमचे उमटतात.

फ्रेमचा नियम मी कसा शिकले ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक जुनी सोनेरी फ्रेम वरच्या पट्टीला धरून उचलली. कोपऱ्याचा सांधा उघडला आणि नखाएवढा सोनेरी कपचा खाली पडला. मी तो खिशात ठेवला आणि वीस मिनिटं कुणाला बोलले नाही. ती वीस मिनिटं मला अजून आठवतात. म्हणून मुलांना मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं: काही पडलं, तुटलं तर लगेच ओरडून सांगा. कपचा झाडून टाकायचा नाही, घाईने चिकटवायचा नाही. कुठे पडला त्याचा फोटो काढायचा आणि डबीत घालून चिठ्ठी लावायची. जो लगेच सांगेल त्याला माझ्याकडून एकही कठोर शब्द ऐकावा लागणार नाही.

पेडेस्टलचा धडा मी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमपासून सुरू करते. तिथे तुल्लिओ लोंबार्दो या इटालियन शिल्पकाराचा संगमरवरी पुतळा 'ॲडम' आहे, पंधराव्या शतकाच्या अखेरचा, पुरुषभर उंचीचा. २००२च्या ऑक्टोबरमध्ये, म्युझियम बंद असताना, त्याच्याखालचा प्लायवूडचा पेडेस्टल खचला आणि पुतळा जमिनीवर कोसळला. २८ मोठे तुकडे झाले, शिवाय शेकडो बारीक. कुठला तुकडा कुठे पडला याची नोंद करून ते गोळा केले आणि पुतळा पुन्हा लोकांसमोर उभा राहायला २०१४ साल उजाडलं. बारा वर्षं! हे सांगितल्यावर मुलं प्लाय कापताना गप्प होतात. पाहणाऱ्याला पांढरा रंग दिलेलं एक खोकं दिसतं, त्याच्या आतली चौकट कुणीच बघत नाही. ती चौकट करणाऱ्यालाच माहीत असते.

आई, तुझा खरा प्रश्न मला कळतो: यासाठी चित्रकला कशाला शिकायची? परवाचंच सांगते. एका मुलीला सरावासाठी पेस्टलचं, म्हणजे खडूसारख्या भुकटीच्या रंगांचं, चित्र काचबंद करायला दिलं. समोर काच आणि ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही होतं. ॲक्रिलिक हलकं, फुटत नाही, कुणीही तेच उचललं असतं. तिने काच घेतली. कारण विचारलं तर म्हणाली, "ॲक्रिलिक पुसलं की त्यात स्थिर वीज तयार होते, पेस्टलची भुकटी कागद सोडून त्याला जाऊन चिकटेल. माझ्याच एका चित्राचं तसं झालंय." ज्याच्या बोटांना ती भुकटी लागली आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. उलट नजर नसेल तर काय होतं पाहा: १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मातिस या फ्रेंच चित्रकाराचं 'ल बातो' (होडी) हे चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. शेवटी ते लक्षात आलं एका प्रेक्षक बाईंच्या.

कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्र कुठल्या अवस्थेत आहे याची नोंद, लिहिताना तर चित्रकाराचा हात लगेच ओळखू येतो. खोलीत अंधार करायचा, टॉर्च चित्राच्या बाजूला जवळजवळ भिंतीला समांतर धरायचा. समोरून गुळगुळीत दिसणारा रंग एकदम डोंगरदऱ्यांसारखा उठतो. भेगा, फुगे, सुटत चाललेल्या पापड्या, सगळं दिसतं. 'स्थिती चांगली' असं लिहिलं की मी कागद परत देते. 'खालच्या उजव्या कोपऱ्यापासून ४ सेंमी वर, २ मिमीची पापडी उचलली आहे' असं हवं, शेजारी रेखाटनासह.

बाबा, तुम्हाला आवडेल असं गणितही आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंमीवर हवा. फ्रेम ८० सेंमी उंच, म्हणजे अर्धी ४०. हुक अडकतो ती जागा वरच्या काठाच्या १२ सेंमी खाली. मग भिंतीतला हुक कुठे? १५० अधिक ४० वजा १२, म्हणजे १७८. एका मुलाने १२ वजा करायचे विसरून भोक पाडलं, मग ते बुजवून, घासून, रंगवून संध्याकाळपर्यंत भिंत होती तशी केली. भिंत पूर्ववत करणं हाही अभ्यासक्रमच आहे. प्रकाशाचंही गणितच: कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), तैलचित्राला २०० पर्यंत. आणि नुकसान साठत जातं. ५० लक्समध्ये आठ तास आणि २०० लक्समध्ये दोन तास, कागदाला दोन्ही सारखंच.

कामात कष्ट आहेत, ते मी मुलांपासून लपवत नाही. बऱ्याच जणांना सुरुवातीला कंत्राटावर राबावं लागेल, प्रदर्शन उघडायच्या आधी रात्री जागाव्या लागतील, पाठ सांभाळावी लागेल. पण चित्रकार म्हणून जमलं नाही तर बघू, अशा मनाने त्यांनी इकडे येऊ नये. आत्ता, शिकत असतानाच, डोळे उघडे ठेवून निवडावं. माझी चित्रं सुटलेली नाहीत, आई. रविवारी मी रंगवते. पण क्रेट, म्हणजे चित्राचं लाकडी खोकं, येऊन पोचतो, आतल्या चित्राला खोलीच्या हवेची सवय व्हावी म्हणून आम्ही तो चोवीस तास बंदच ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी झाकण निघतं तेव्हा त्या चित्रापासून हातभर अंतरावर मी असते. ते सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

पुढच्या महिन्यात मुलांचं प्रदर्शन आहे. अट एकच घातली आहे: स्वतःचं चित्र कुणी लावायचं नाही, दुसऱ्याचं लावायचं. बाबा, तुमचा पितळी ओळंबा अजून पेटीत असेल तर पाठवाल का? आमच्याकडे लेझरची लेव्हल आहे, पण पेडेस्टल सरळ उभा आहे का हे मुलांनी एकदा दोरी धरून, ती हलायची थांबेपर्यंत वाट बघून पाहावं असं मला वाटतं. लहानपणी तुम्ही मला फळी लावताना तसंच थांबवलं होतंत.

तब्येतीला जपा. गुडघ्याचं कळव.

तुमची लेक