ग्रह मोजण्याआधी उपकरण तपासायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या प्रवेशांचे दिवस आले की हल्ली नाशिकमध्येही एरोस्पेसची चौकशी सुरू होते. चांद्रयान-३ नंतर तर जास्तच. काही विद्यापीठांत या शाखेत ग्रहविज्ञानातली मापनतंत्रे हा विषयही घेता येतो. माझी नात बाहेरगावी तोच शिकते. सुट्टीत तिची वही चाळली. कोणते यान, कोणते उपकरण, काय मोजले, असे तक्ते अगदी नीटनेटके. पण उपकरणाने दिलेला आकडा खरा कशावरून मानायचा, याबद्दल एक ओळ नाही! ओझरच्या विमान कारखान्यात मोजमाप विभागात माझी नोकरी गेली, त्यामुळे हे खटकले.

आमच्या खोलीत बारा महिने २० अंश सेल्सिअस तापमान राखावे लागे. अॅल्युमिनियमचा मीटरभर लांबीचा भाग ४० अंशांवर नेला की तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतो. त्यामुळे एप्रिलच्या उन्हात शेडमधून आलेला पार्ट थंड होईपर्यंत कोणी मायक्रोमीटर लावत नसे. हे पुस्तकात एका वाक्याचे आहे, अंगवळणी पडायला मात्र हातानेच मोजावे लागते.

चंद्रावर वेगळे काय घडते? विक्रम लँडरने 'चास्टे' ही तापमापक सळई मातीत खुपसली, दहा सेंटीमीटर लांब, दहा संवेदकांची. तिने पृष्ठभागाचे कमाल तापमान सुमारे ८२ अंश दाखवले. जेमतेम मीटरभर अंतरावरच्या सपाट जागी ते सुमारे ५९ अंश निघाले. सळई रुतली ती जागा सूर्याच्या बाजूला सहा अंश कललेली होती, एवढाच फरक. नुसता ८२ पाठ करणाऱ्या मुलाला यातले काय कळले?

दगडातली मूलद्रव्ये ओळखणाऱ्या उपकरणाचेही तेच. प्रज्ञान रोव्हरवरच्या एपीएक्सएसमध्ये क्युरियमचा किरणोत्सारी स्रोत होता. त्याचे अल्फा कण आणि क्ष-किरण दगडावर पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकते. आपल्या सराफ बाजारात सोन्याचा कस दाखवणारी क्ष-किरणांची मशीन बरीचशी याच तत्त्वावर चालते, फक्त तिच्यात किरणोत्सारी स्रोताऐवजी क्ष-किरणांची नळी असते. ती मशीनही अधूनमधून माहीत असलेल्या शुद्धतेच्या तुकड्यावर तपासावी लागते. मंगळावर २०१२ साली उतरलेल्या क्युरिऑसिटीने तर याच कामासाठी रासायनिक घडण आधीच तपासून ठेवलेली बेसाल्टची चकती पृथ्वीवरून सोबत नेली. (तिच्या कॅमेऱ्याच्या तपासणीसाठी १९०९ सालचे अमेरिकी नाणेही नेले आहे, ते वाचून मी खूश झालो.)

बेसाल्ट म्हणजे आपला काळा कातळ. पांडवलेणी त्यातच कोरली आहेत. चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच, विक्रम उतरला तो दक्षिणेकडचा उंच भाग मात्र वेगळ्या खडकाचा. म्हणजे विद्यार्थ्यांना सरावासाठी दगड विकत घ्यावा लागणार नाही. लेण्यांना आणि किल्ल्यांना अर्थातच हात लावू नये, रस्त्याच्या कामात निघालेली खडी पुरते.

म्हणून नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना एक सुचवतो. उपग्रहाच्या प्रतिकृतींवर खर्च करण्यापेक्षा क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे एखादे हातात धरायचे उपकरण दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून घ्यावे. खडीची बारीक भुकटी करून तिचे दोन भाग करावेत. एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रासायनिक पृथक्करणासाठी पाठवावा, दुसरा मुलांकडे द्यावा. मुलांनी आपले आकडे, त्यातली संभाव्य चूक किती हे लिहून, सहीनिशी शिक्षकांकडे द्यावेत. प्रयोगशाळेचा अहवाल त्यानंतरच फोडावा. गुण आकडा जुळला का यावर देऊ नयेत. फरक का पडला हे मुलाला सांगता आले का, यावर द्यावेत.

आपला,
एक निवृत्त मापन-तंत्रज्ञ,
सिडको, नाशिक